लाल खुंटी खाली बसली की

३ फेब्रुवारी

माझ्या नातीला, यामिलेला, पेपरच्या नोकरीतून काढलं. निरोपाला काय दिलं, तर पेपरचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेल्या, गेल्या वर्षीच्या न खपलेल्या डायऱ्यांचा खोका. कोरा कागद चुलीत घालायला माझा हात होत नाही, म्हणून यातली एक मी घेतली. वार सगळे चुकीचे आहेत. खोडून लिहीन.

माझं शिक्षण दुसरी. पुढं कॉफीच्या मळ्यात हात हवे होते, शाळा राहिली. तेव्हा इथं छान छान वाक्यं मिळणार नाहीत. वाचणारंही कोणी नाही, भागेल.

संपादक म्हणे, "यामिले, तू घरचीच आहेस म्हणून मी स्वतः सांगतोय." घरच्या माणसाला असं जिन्यात उभं करून सांगतात? नाताळात याच माणसानं माझ्या हातचे मक्याच्या पिठाचे तामालेस खाल्ले होते, केळीचं पान चाटूनपुसून. तेव्हाच त्याला माहीत असणार. खाताना माझ्याकडं बघत नव्हता, मला वाटलं भूक लागलीय.

पोरगी रडली नाही. खोका ठेवला, बूट काढले आणि भांडी घासायला उभी राहिली. भांडी घासलेलीच होती.

१४ फेब्रुवारी

ज्वालामुखीनं पुन्हा राख टाकली. दोरीवरच्या चादरी परत धुतल्या. यामिले खिडकीत बसून अर्ज पाठवते आणि दुपारपर्यंत केस विंचरत नाही.

"आजी, आता लोक पेपर वाचतच नाहीत."

"आधी तरी कुठं वाचत होते? पोपटाच्या पिंजऱ्यात घालायला नेत होते."

हसली. काढल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "माझ्या वयाच्या बाईला आता कोण घेणार?" चौतिसाव्या वर्षी हिला वय आठवतंय. हिची आई चाळिशीत स्पेनला म्हाताऱ्यांचे पाय चेपायला गेली आणि तिकडचीच झाली. हिला मी वाढवली. मी कोणाला विचारलं नव्हतं, माझ्या वयाला झेपेल का म्हणून.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज कॉम्पाद्रे आन्सीसार व्हियेगास आले. बाप्तिस्म्याच्या पाण्यावर यामिलेला त्यांनीच हातांवर धरलं होतं, म्हणून ते तिचे पाद्रिनो, धर्मपिता. तिची आई लांब, तेव्हा नातं माझ्याकडं आलं. ते माझे कॉम्पाद्रे, मी त्यांची कोमाद्रे. सख्ख्या भावांची भांडणं कोर्टात गेलेली मी पाहिलीत. कॉम्पाद्रेंची नाहीत.

यामिलेनं हात जोडले, "आशीर्वाद, पाद्रिनो." त्यांनी तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि खिशातून रुमाल काढावा तशी नोकरी काढली.

ते खालच्या कुकरच्या कारखान्यात विक्रीचे साहेब आहेत. मातृदिनाला कारखाना नवा कुकर आणतोय, एका हातानं उघडणारा. त्याच्याबरोबर द्यायची माहितीपुस्तिका लिहायला माणूस हवाय.

"मी बातम्या लिहिते, पाद्रिनो. झाकणांतलं मला काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच तू. आमचे इंजिनिअर लिहितात ते इंजिनिअरांनाच कळतं. बायका पहिलं पान उघडतात आणि पुस्तिका ड्रॉवरमध्ये टाकतात."

"मी तर ड्रॉवरमध्येसुद्धा टाकत नाही," मी म्हटलं. "डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालते."

"ऐकलंस? ही तुझी वाचक. आजीला कळेल असं लिही, देशाला कळेल."

एक नवाकोरा कुकर माझ्यासाठी ठेवला, करून बघायला. बिचारे. मी म्हटलं घेवडा खाऊन जा. थांबले. पण मी तो नवा कुकर चढवला तसे उठून सज्जात जाऊन बसले. म्हणे कांद्यानं डोळे झोंबतात. कांदा मी अजून चिरलाही नव्हता. वय झालंय त्यांचं.

६ मार्च

हे लिहिणं म्हणजे काय ते मला आता कळायला लागलंय. पेपरात यामिले महापौरावर लांबच लांब लिहायची आणि महापौर जाडच होत गेला. आता दिवसभर बसून सहा ओळी लिहिते आणि मला करायला सांगते. ती स्टुलावर बसते. मी चुकले तरी तोंड उघडायचं नाही, हा तिचा नियम. तिच्या जन्मात तिनं पहिल्यांदा पाळलेला नियम.

आज तिनं लिहिलं होतं, "झाकण नीट बसवा."

मी झाकण हातात घेऊन उभी राहिले. शेवटी तीच म्हणाली, "काय झालं?"

"नीट म्हणजे कसं? मी आयुष्यात कुठलं झाकण वाकडं बसवायचं म्हणून बसवलंय?"

तिनं ते खोडलं. मग लिहिलं, "झाकणावरचा बाण आणि मुठीवरचा बाण समोरासमोर आणा. टक असा आवाज येईपर्यंत दाबा." हे मला कळलं. टक आवाज आला. पोरीचा चेहरा असा फुलला, जसं काही झाकण तिनंच शोधून काढलंय.

मग "वापरकर्त्याने" असं एक आलं. "हा कोण?" मी विचारलं. "तू," म्हणाली. "मग मला हाक मार की. मी समोर असताना माझ्याबद्दल शेजारणीशी बोलल्यासारखं काय बोलतेस?" तेही गेलं. आता सगळीकडं करा, ठेवा, थांबा. हुकूम सोडते नुसते. आजीवर गेलीय.

१६ मार्च

झाकणाच्या मधोमध एक लाल खुंटी आहे. वाफ भरली की वर येते, वाफ गेली की खाली बसते. वर असेपर्यंत मूठ फिरतच नाही, झाकण उघडणार नाही. कारखान्यानं तिला असं सांगितलंय. तिनं त्यावर अख्खा दिवस घालवला आणि एक ओळ आणली:

लाल खुंटी खाली बसली की झाकण उघडा.

"एवढंच?"

"एवढंच. यातला एक शब्द काढून दाखव."

मी प्रयत्न केला. निघाला नाही. मला वाटलं, आपण अर्धंमुर्धं वाचणारी माणसं, ओल्या हातानं, एक डोळा चुलीवर ठेवून वाचणारी, आपल्यासाठी असं कोणी तासून ठेवत नाही सहसा. हे तिला सांगितलं नाही. डोक्यावर बसेल.

ती म्हणाली, कारखान्यात कुकर साध्या पाण्यावर तपासतात. पाणी उकळवायचं, वाफ काढायची, आकडे लिहायचे, झालं. मी म्हटलं, पाणी शिजवून खातं कोण?

"तेच मी त्यांना विचारलं," म्हणाली. "हसले."

२७ मार्च, पवित्र आठवड्यातला बुधवार

आज अक्षर वाईट येणार.

यामिले कारखान्यात गेली होती. मी घेवडा लावला, हिरवं केळं बारीक कापून, या आठवड्यात डुकराचं मांस नाही. गॅस बंद केला. खुंटी खाली बसली. एक हात मीठ घ्यायला फळीकडं नेला आणि दुसऱ्यानं मूठ फिरवली. झाकण उडून भिंतीला लागलं. घेवडा छताला. मी मिठाकडं वळलेली होते म्हणून बाहीवर निभावलं. तोंड समोर असतं तर आज हे कोण लिहितंय.

खुंटी मी पाहिली होती. खाली होती. मी चष्मा लावून पाहिलं होतं.

छत पुसत होते तेवढ्यात दारात कॉम्पाद्रे. सणाचं अंजीर घेऊन आले होते. सगळं सांगितलं. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच उभे राहिले. झाकण माझ्याकडून घेतलं, उलटं केलं, खुंटीच्या भोकात नखानं कोरलं. घेवड्याचा फेस वाळून चिकट झाला होता, त्यात खुंटी रुतून बसली होती. आत वाफ कोंडलेली असतानाही म्हणूनच ती खाली. चेहरा पांढरा.

मग पहिलं काय विचारावं? "यामिलेला सांगितलंत?"

"ती घरी कुठंय?"

"नका सांगू, कोमाद्रे. पोर नवी आहे, घाबरेल. हे एखाद्याच नगाचं असतं. मी आत बोलतो, दुरुस्त करून घेतो. तिनं आरडाओरडा केला तर तिलाच काढतील. पुन्हा." आणि माझा हात धरला. "आपल्या दोघांत राहू दे. कॉम्पाद्रे म्हणून शब्द मागतोय."

मी दिला. या नात्यात मागितलेला शब्द देत नाही असं मी कधी कोणाचं ऐकलं नाही. शिवाय माणूस घाबरला होता माझ्या काळजीनं.

झाकण ते घेऊन गेले, दिवस मावळायच्या आत दुसरं आणून दिलं. छतावर एक डाग राहिलाच. यामिलेनं विचारलं, हे काय. म्हटलं, माशी मारली.

"छतावर?"

"उंच माशी होती."

२१ एप्रिल

पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर खाली: लेखन, यामिले ओस्पिना. कॉम्पाद्रे म्हणाले, कारखान्याच्या पुस्तिकेवर आजवर कोणाचंच नाव छापलं नाही, हे मी हट्टानं करून घेतलं, माझ्या लेकीसारखीचं नाव दिसलं पाहिजे. असा पाद्रिनो नशिबानं मिळतो. पेपरानं हिचं नाव पुसलं, यांनी छापलं.

बाजारात चार जणींना दाखवलं. भाजीवाली म्हणाली, "नुसतं झाकण कसं लावायचं ते लिहिलंय."

"तुझ्या नवऱ्यानं वाचलं असतं तर आज तुला सहा पोरं नसती," मी म्हटलं.

नवं झाकण छान चाललंय. खुंटीचं भोक कुलपाच्या भोकाएवढं मोठं आहे त्याचं. जुन्याचं बारीक होतं.

१२ मे, मातृदिन

रस्त्यानं जो तो खोका घेऊन चाललेला. तोच खोका, तोच कुकर. रुबिएलाच्या मुलांनीही तिला तोच आणला. माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, चाळीस वर्षांची ओळख, अर्धा वेळ भांडण. गच्चीवरून ओरडली, "एदेलमीरा, तुझ्या नातीचं पुस्तक मिळालं गं! कुकर फुकट आलाय बरोबर!"

यामिले लाजली आणि दुसऱ्या तुकड्याला हात न लावता आरेपा, मक्याची भाकरी, तशीच टाकून गच्चीवर गेली, तिला समजावून सांगायला. पहिली वाचक म्हणाली. मग मी कोण होते?

१७ मे

रुबिएला भाजली. गळा, छाती, डावा हात. तिच्या धाकट्या मुलानं खांद्यावर घालून दवाखान्यात नेली. ओरडणं भिंतीतून आलं, तेव्हा मी घेवडा निवडत होते. निवडलेला घेवडा फेकून दिला. का फेकला ते मला सांगता येणार नाही.

१९ मे

दवाखान्यात गेले. बोलता येतं तिला, हळू. म्हणाली, "खुंटी खाली होती, एदेलमीरा. पोरीनं लिहिलंय तसंच केलं मी. बाण समोर आणला, टक ऐकलं, सगळं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

तिला पाणी पाजलं आणि आले.

कॉम्पाद्रेंना तीनदा फोन केला. मीटिंगमध्ये आहेत, मीटिंगमध्ये आहेत, मीटिंगमध्ये आहेत.

२३ मे

यामिले कारखान्यातून आली ती चेहऱ्यावर रक्त नसलेली. टेबलाशी बसली. पिशवी खांद्यावरच.

"मला कमिटीसमोर बसवलं आजी. रुबिएलाबाई एकट्या नाहीत, आणखीही बायका भाजल्यात, दुसऱ्या गावांत. विचारत होते, घेवड्यासारखं फेसाळणारं शिजवताना काय होतं ते पुस्तिकेत का नाही. मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. वकील म्हणाला, चाचणी तर तुम्हीच घेतलीत. तुमच्या घरी, दोन महिने, रोज घेवडा शिजणाऱ्या घरी. मग पाद्रिनो बोलले."

"काय बोलले?"

"म्हणाले, मी स्वतः त्या स्वयंपाकघरात जाऊन बघत होतो. झाकणानं तिथं एकदाही त्रास दिला नाही. दिला असता तर आजीनं नातीला सांगितलं असतं आणि नातीनं लिहिलं असतं. नाव तिचं आहे, शेवटच्या पानावर."

मी गुळाचं पाणी गरम करत होते. ते उतू गेलं. मी बघत राहिले.

"आजी? गॅस बंद कर."

बंद केला. मग तिला सांगितलं. खुंटी, घेवडा, छत, अंजीर, शब्द. पाच वाक्यांत संपलं. मला वाटलं होतं जास्त लागतील.

तिनं मान वर करून छताकडं पाहिलं. डाग पाहिला.

"तुला माहीत होतं," म्हणाली.

"त्यांनी शब्द मागितला. कॉम्पाद्रे म्हणून."

"आणि मी? मी कोण म्हणून होते समोर स्टुलावर?"

२६ मे

माझ्याशी बोलते, पण "दोन्या एदेलमीरा" म्हणून. दोन्या एदेलमीरा, साबण कुठं आहे. दोन्या एदेलमीरा, मी बाहेर खाऊन येईन. दोन्या म्हणजे बाई, भाडेकरू मालकिणीला म्हणतो तशी. शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या, त्यात मी कमी पडत नाही. हिला उत्तर काय द्यायचं.

त्या माणसानं मला फसवलं, यात मला तितकं नवल नाही वाटत आता. सज्जात जाऊन बसत होता. कांदा चिरलेला नसताना. पहिल्याच दिवशी माहीत होतं त्याला आणि तो कुकर त्यानं माझ्या चुलीवर ठेवला. मी सज्जात पाट नेऊन दिला, उशी दिली पाठीला.

तिचं नाव छापलं ते कशासाठी, तेही आज भाजी चिरताना कळलं. सुरी ठेवून बसून राहिले.

यामिले कागदावर काहीतरी लिहीत असते. मी आले की पालथं घालते. अजून त्यांचंच काम करते वाटतं. मिळालेली नोकरी धरून राहायचं असेल. राहू दे. मी तिला काय सांगणार, कोणाशी इमान ठेवावं ते.

२ जून, रविवार

प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तो भेटला. टोपी काढली. "कोमाद्रे, तब्येत कशी?" सगळ्या गावासमोर. मी म्हटलं, "बाही फाटली होती, शिवली." त्याला कळलं. टोपी घातली.

त्याच्या बायकोनं मात्र मागं वळून पाहिलं. तिच्या घरी कुठला कुकर आहे, विचारायला हवं होतं.

८ जून, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

शनिवारी बाजाराच्या चौकात, फरसाणवाल्याच्या शेजारी, कारखान्याचा तंबू असतो. तिथं आन्सीसार स्वतः कुकर चालवून दाखवतो. बटाटे आणि पाणी. बटाट्याला फेस येत नाही. खुंटी वर, खुंटी खाली, एका हातानं उघडलं, टाळ्या.

मी रुबिएलाच्या धाकट्याला म्हटलं, तुझ्या आईचा कुकर दे. त्यानं विचारलं कशाला. म्हटलं, घेवडा करायचाय. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आणून दिला, आणि मागोमाग आला. घेवडा मी रात्रीच भिजवून ठेवला होता. केळंही घेतलं.

त्याच्या टेबलावर बटाट्याच्या कुकरशेजारी दुसरा गॅस मोकळा होता. मी ठेवला.

"कोमाद्रे, हे काय?"

"तुम्ही रोज बटाटे खाता का? बायकांना घेवडा दाखवा की."

त्याला नाही म्हणता येईना. बायका हसत होत्या. कोणी म्हणालं, हो हो, घेवडाच दाखवा, बटाटे तर उघड्या पातेल्यात होतात. मी स्टूल घेऊन बसले. शिजेपर्यंत त्यानं दोनदा घाम पुसला आणि कुकरपासून दोन पावलं मागं सरकत सरकत गेला, मी बघत होते. मग गॅस बंद केला. थांबलो. खुंटी खाली बसली. टपकन.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "पुस्तिकेत काय लिहिलंय? मला वाचता येत नाही नीट."

त्यानं टेबलावरची पुस्तिकांची चळत सरळ केली. पण गर्दीच्या मागून आवाज आला, मोठा, स्वच्छ, एकेक शब्द सुटा.

"लाल खुंटी खाली बसली की झाकण उघडा."

यामिले होती. ती येईल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तिका हातात नव्हती तिच्या. पाठ आहे तिला.

"उघडा, कॉम्पाद्रे," मी म्हटलं.

"जरा निवू दे."

"निवू दे असं कुठं लिहिलंय? वाच गं पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं. तसंच.

"खुंटी खाली आहे," एक बाई म्हणाली. "दिसतेय की. उघडा ना."

त्यानं उजवा हात खिशात घातला. मी त्या हाताकडं बघत होते आणि बायकाही बघायला लागल्या. हसणं थांबलं. एकीनं पोराला दंडाला धरून मागं ओढलं. कोणीतरी विचारलं, "अहो, का उघडत नाही?" उत्तर नाही. एवढा बोलका माणूस, विक्रीचा साहेब.

मी लांब दांड्याचा डाव घेतला, अंगावर ओढणी घेतली आणि लांबूनच शिट्टी उचलली. वाफ तंबूच्या कापडाला जाऊन लागली, फडफड वाजलं कापड. थांबेचना. खुंटी आपली खाली. सगळ्यांनी बघितलं. रुबिएलाचा धाकटा एकदाच म्हणाला, "आई," बस.

डाव टेबलावर ठेवला. "सेन्योर व्हियेगास," मी म्हटलं, "तुमचं भांडं तुमच्याजवळ."

तो म्हणाला, "कोमाद्रे, अहो, ऐका..."

"इथं कोणी कोमाद्रे नाही."

मागं वळले तर यामिले निघून गेलेली. घरी चालत आले. चढ आहे, वेळ लागला.

१५ जून

कारखान्यानं कुकर परत घ्यायला सुरुवात केली. गाव भांडी घेऊन उताराला लागलंय. रुबिएला घरी आली, बोलते, भांडते. आन्सीसारची बदली झाली म्हणतात, कुठं ते विचारलं नाही.

यामिलेलाही काढलं. नाव तिचं होतं ना.

पालथे घातलेले कागद आज तिनं आपणहून टेबलावर ठेवले. मला वाटलं होतं कारखान्याचंच. ते एक पान होतं, मोठ्या अक्षरांत. खुंटीवर विश्वास ठेवू नका. डावानं लांबून शिट्टी उचला. वाफ पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावू नका. घेवडा, वाटाणा, तांदूळ, ज्याला फेस येतो त्या सगळ्याला. हे ती मेच्या शेवटापासून लिहीत होती आणि दुकानादुकानांत चिकटवत होती. नोकरी असताना. बाजारात त्या दिवशी मी डाव उचलला तेव्हा काही जणींनी मान का हलवली, ते आता लक्षात आलं. त्यांनी वाचलं होतं.

"हे कोणी सांगितलं तुला, डावाचं?"

"तू असंच उचलतेस," म्हणाली. "इस्टरपासून नेहमी. मी स्टुलावर बसून बघायचे."

२९ जून

वरच्या गल्लीतला लोहार कॉफीची फळं सोलायचं यंत्र बनवतो. ते कसं चालवायचं हे त्याला कागदावर उतरवून हवंय, मळेवाल्यांना द्यायला, त्यांची बोटं त्यात जातात. यामिलेनं काम घेतलं. यंत्र अंगणात आणून ठेवलंय. मी फिरवून बघितलं, ती स्टुलावर बसून लिहीत होती.

आजी म्हणते पुन्हा. परवा चुकून म्हणाली, मग तसंच चालू ठेवलं.

दांडा दोनदा अडकला. सांगितलं. दात मागून उघडे आहेत, बाही ओढली जाते. तेही सांगितलं. गंज आहे, तेल लागतं, सगळं सांगितलं. तिनं लिहिलं. मग पेन थांबवलं.

"मला न सांगितलेलं काही आहे?"

आधी असं विचारायची नाही. आता रोज विचारते, प्रत्येक पानाच्या शेवटी, जसं झाकण टक वाजलं का ते बघावं तसं.

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान वर करून उघड्या दारातून स्वयंपाकघराच्या छताकडं एकदा बघितलं. मग पुढची ओळ लिहायला घेतली.